कोकराच्या कानाला पाऊस मानवत नाही

गच्चीवरच्या बागेविषयी कुठेही बोलायला गेले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. ‘ते लॅम्ब्ज इअर आपल्याकडे येतं का हो?’ विचारणारे बहुतेक वेळा मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशात तीन-चार महिने राहून आलेले असतात. तिथे घराच्या पायरीशी, फरशीच्या कडेने त्यांनी ते झाड पाहिलेलं असतं. पाहिलेलं म्हणण्यापेक्षा हात लावून पाहिलेलं असतं. कारण या झाडाचं फूल फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो पानाचा स्पर्श. जाडसर, चंदेरी-हिरवं, बोटभर ते वीतभर लांबीचं पान आणि त्यावर दाट, पांढरी, मऊ लव. मेंढीच्या कोकराचा कान हातात धरावा तसंच वाटतं. म्हणून त्याचं नाव कोकराचा कान. मीही आज त्याला याच नावाने हाक मारणार आहे.

तर प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. येतं, पण एका अटीवर. ती अट खताची नाही, महागड्या कुंडीची नाही, औषधाचीही नाही. ती आहे पाण्याची. बाग करणाऱ्या माणसाला सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट हे झाड मागतं. ती म्हणजे हात आखडता घेणं.

असं का, हे समजायला त्याचं मूळ गाव पाहायला हवं. वनस्पतिशास्त्रात याचं नाव स्टॅकिस बायझँटिना. स्टॅकिस हा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ धान्याचं कणीस. याचा फुलोरा कणसासारखा उभा येतो म्हणून तो आला. बायझँटिना हे बायझँटियमवरून, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या जुन्या नावावरून. तुर्कस्तान, आर्मेनिया, इराण हा याचा मुलूख. तिथल्या कोरड्या, दगडाळ डोंगरउतारांवर हे झाड वाढतं. त्या डोंगराळ भागात बऱ्याच ठिकाणी पाऊस आणि बर्फ पडतो तो हिवाळ्यात आणि वसंतात. उन्हाळा कोरडा जातो. म्हणजे आपल्या नेमकं उलट. आपल्याकडे ऊबही भरपूर आणि पाऊसही भरपूर असे चार महिने एकत्र येतात. या झाडाच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी असले चार महिने पाहिलेले नाहीत. थंडीचं म्हणाल तर उणे वीस अंशांखालची थंडीही ते सोसतं. पण उबदार दमट हवेत त्याचा टिकाव लागत नाही.

आता त्या लवेकडे या. आपल्याला ती शोभा वाटते, झाडाला ती अंगावर घेतलेली चादर असते. पांढऱ्या लवेमुळे ऊन परतवलं जातं. लवेच्या दाटीत हवेचा एक पातळ थर अडकून राहतो, वारा थेट पानाला भिडत नाही आणि पानातलं पाणी सावकाश उडतं. किडीलाही त्या जंगलातून वाट काढून पानापर्यंत पोचणं जड जातं. आपल्याकडेही अशी उदाहरणं आहेत. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो, त्या रुईचं कोवळं पान आठवा. त्यावरही पांढरी लव असते आणि रुई उगवते ती माळरानावर, रस्त्याच्या कडेला, जिथे कुणी तांब्याभर पाणीही घालत नाही. तेव्हा पानावर लव दिसली की एक अंदाज बांधायला हरकत नाही, की या झाडाने ऊन आणि कोरडा वारा पुष्कळ पाहिला असावा.

पण जी लव कोरड्या हवेत झाडाला वाचवते, तीच पावसात त्याचा घात करते. तुळशीच्या किंवा जास्वंदीच्या पानावर पाणी पडलं की ओघळून जातं. कोकराच्या कानावर पडलेलं पाणी लवेत धरून राहतं, जसं लोकरीच्या स्वेटरमध्ये राहतं. पान तासन्‌तास ओलं राहतं. खालची पानं मातीला टेकलेली असतात, त्यांच्याखाली हवा खेळत नाही. मग बुरशी येते. आधी झुपक्याच्या मधली पानं पिवळी पडतात, मग तपकिरी, मग त्यांचा अक्षरशः लगदा होतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दमट राज्यांतही उन्हाळ्यात याची हीच तक्रार असते. तेव्हा आपल्याकडे ते गेलं तर आपला हातगुण वाईट, असं वाटून घेण्याचं कारण नाही.

युरोपात मात्र या झाडाचं फार कौतुक झालं. गर्ट्रूड जेकिल नावाची इंग्लंडमधली बागरचनाकार होऊन गेली, १८४३ ते १९३२ हा तिचा काळ. मूळची ती चित्रकार. डोळे अधू होते. बागेतल्या फुलांच्या रंगांची मांडणी चित्रासारखी कशी करावी यावर १९०८ साली तिचं पुस्तक आलं. राखाडी आणि चंदेरी पानांच्या झाडांना तिने बागेत मानाची जागा दिली आणि वाफ्याच्या कडेला तिने हा कोकराचा कान आवर्जून लावला. भडक रंगांच्या शेजारी ही चंदेरी कड असली की डोळ्यांना विसावा मिळतो.

या लवेचं आणखी एक गिऱ्हाईक आहे. युरोपात एक एकांडी राहणारी मधमाशी आहे. तिची मादी या पानावरची लव जबड्याने खरवडते, तिचा गोळा करते, पोटाशी धरून उडत नेते आणि त्या मऊ लोकरीचं अस्तर लावून घरट्यात अंडी घालते. आपल्याकडे बाळंतविड्यात दुपटी शिवतात, त्यातलाच प्रकार! ही माशी उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा आढळली ती १९६३ साली, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका इथे. तिथल्या बागांत हे झाड असलं की आज ती हमखास दिसते.

आणि ब्राझीलमध्ये तर ही पानं खातात. पीठ लावून तेलात तळायची. त्या पदार्थाच्या नावाचा अर्थच मुळी ‘छोटा मासा’ असा होतो, कारण तळलेलं पान दिसायला आणि चवीला माशासारखं लागतं म्हणतात. हे ऐकून तुम्हाला आपल्या पानओव्याची भजी आठवली असतील, तर तुमची आठवण शास्त्रालाही धरून आहे. पानओवा, तुळस, पुदिना, सब्जा आणि हा कोकराचा कान, सगळी एकाच कुळातली भावंडं. ओळखायची खूण सोपी आहे. देठ बोटांत फिरवून पाहा, तो चौकोनी लागतो. पानं समोरासमोर जोडीने येतात. फूल दोन ओठांचं असतं.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वी ऐन थंडीत एका थंड हवेच्या ठिकाणच्या रोपवाटिकेतून मी याचं एक रोप पुण्याला आणलं. माझ्या सासूबाई तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या होत्या. काचबिंदूने त्यांची नजर बरीचशी गेली होती, उजेड आणि सावली एवढंच कळायचं. पण रोज सकाळी गच्चीत फेरी मारण्याचा नेम त्यांनी सोडला नव्हता. कठड्याला हात लावत जायच्या आणि वाटेतल्या कुंड्या वासाने ओळखायच्या. हा गवती चहा, ही तुळस, हा पानओवा. या नव्या पाहुण्याला फारसा वास नव्हता, पण पानाला हात लागला आणि त्या थांबल्या. म्हणाल्या, ‘अगं, हे कोण?’ हे काय, असं त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यांची फेरी त्या कुंडीपाशी पाच मिनिटं तरी थांबायची.

मे महिन्यात त्यांनी मला विचारलं, ‘हे पावसात राहील का गं?’ तेव्हा मी म्हटलं, ‘आई, बघू या.’ वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. लवेचं पान पावसात कसं वागतं हे पुस्तकातून ठाऊक होतं, पण पुण्याच्या पावसात नेमकं किती तग धरेल, हे करून पाहिल्याशिवाय कळण्यातलं नव्हतं. फेब्रुवारीतच झुपक्याचे तीन भाग करून तीन कुंड्या केल्या होत्या. माती एकच, कुंड्या सारख्या. मृग लागण्याआधी त्या मुद्दाम तीन ठिकाणी ठेवल्या. पहिली उघड्यावर. दुसरी पत्र्याच्या छपराखाली, पण इतर कुंड्यांबरोबर हिलाही एक दिवसाआड पाणी. तिसरी त्याच छपराखाली, पण वाऱ्याच्या बाजूला, दोन विटांवर उचलून ठेवलेली, आणि पाणी दहा-बारा दिवसांनी, तेही बेताचं.

उघड्यावरची कुंडी जुलैच्या मध्यालाच गेली. दुसरी दिसायला बरी होती, पण आतून पिवळी पडत ऑगस्टमध्ये बसली. छपराखाली असूनही गेली, हे लक्षात घ्या. म्हणजे डोक्यावरच्या पावसाइतकंच आपल्या हातातलं पाणीही तिला नडलं. तिसरी हडकली, अर्धी पानं गळाली, दिसायला अगदी केविलवाणी झाली. पण दसऱ्याच्या सुमाराला तिच्या मुळाशी नखाएवढी पांढरी पालवी दिसली. दिसली मला. कळली मात्र आधी आईंना, कारण त्या रोज बोट लावून बघत होत्या. त्या चार महिन्यांत ‘आज हे ओलं लागतंय, पाणी नको’ हे मला त्याच सांगायच्या. माझ्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या बोटांना ते लवकर समजायचं.

आता करायचं कसं, ते क्रमाने सांगते. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

सुरुवात करायची दसरा झाल्यावर, पाऊस परतल्यावर. रोप मिळालं तर उत्तमच. बी मिळालं तर पसरट कुंडीत वरवर पेरा आणि त्यावर चिमूटभर बारीक वाळू भुरभुरा. खोल पुरू नका. उगवायला दोन ते चार आठवडे लागतात, तेवढा धीर धरायचा. परदेशातून येताना बी किंवा रोप बॅगेत टाकून आणू नका, ही कळकळीची विनंती. २००३ सालच्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्याला परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. तो नियम उगाच नाही. एखाद्या रोपाबरोबर आलेली कीड आपल्या शेतीला महागात पडू शकते. आणि हो, निळ्या किंवा गुलाबी पानांचे कोकराचे कान दाखवणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. याची पानं चंदेरी-हिरवी असतात. एका जातीत ती पिवळसर झाक घेतात, एवढंच.

जातींचं सांगायचं तर ‘सिल्व्हर कार्पेट’ ही बुटकी, क्वचितच फुलणारी जात आहे. ‘हेलेन फॉन श्टाइन’ नावाची दुसरी आहे, तिलाच ‘बिग इअर्स’ म्हणतात. तिची पानं मोठी, लव थोडी विरळ, त्यामुळे ती दमट हवा जरा जास्त सोसते. मिळाली तर आपल्यासाठी हीच बरी. मात्र ही बियांपासून तशीच्या तशी येत नाही, झुपका फोडूनच करावी लागते.

कुंडी मातीची हवी, दहा-बारा इंच तोंडाची, पसरट, खाली मोकळं भोक असलेली. प्लॅस्टिकच्या कुंडीत ओल कोंडते. काळी माती तर नकोच. दोन भाग साधी लाल माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि एक भाग जुनं, कुजलेलं शेणखत, एवढं पुरे. जास्त खत घातलं तर पानं लुसलुशीत होतात आणि लवकर कुजतात. रोप लावून झालं की मातीवर बारीक खडीचा बोटभर थर द्या. त्याने खालची पानं ओल्या मातीला टेकत नाहीत. निम्मा आजार इथेच टळतो.

थंडीत दिवसभराचं ऊन चालतं. मार्चपासून सकाळचं दहा-अकरापर्यंतचं ऊन द्या आणि दुपारी सावलीत ठेवा. पाण्याची वेळ सकाळची. झारीने वरून शिंपडायचं नाही. लहान तांब्याने पानं वर उचलून मुळाशी घालायचं. किती दिवसांनी, असं विचाराल. थंडीत चार-पाच दिवसांनी, कडक उन्हाळ्यात एक-दोन दिवसांआड, असा माझा अनुभव. पण तारखेवर जाऊ नका. मातीत बोटाची दोन पेरं घाला. कोरडं लागलं तरच पाणी. दुपारच्या उन्हात पानं जराशी मलूल दिसली तर लगेच तांब्या घेऊन धावू नका. संध्याकाळी ती आपोआप सावरली तर तहान नव्हती, नुसता उन्हाचा ताप होता.

दर आठवड्याला खालची वाळलेली पानं काढत जा. झुपक्यात हवा खेळली पाहिजे. फुलांचे जांभळट-गुलाबी तुरे आलेच, तर पानांची शोभा हवी असणाऱ्यांनी ते कापावेत. मधमाश्या हव्या असणाऱ्यांनी ठेवावेत. पांढऱ्या लवेत पांढरा पिठ्या ढेकूण लपून बसला तर चटकन दिसत नाही, तेव्हा पानाच्या बगलेत अधूनमधून डोकावा. दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बारीक कुंचल्याने तेवढाच टिपून काढा. संपूर्ण झाडावर फवारणी करून ते ओलं करू नका. दोन-तीन वर्षांनी झुपका मधून विरळ होतो. तसं झालं की ऑक्टोबरात काढून, मुळांसकट कडेचे कोंब वेगळे करून, वीतभर अंतरावर पुन्हा लावा.

मेअखेर कुंडी छपराखाली हलवा, विटांवर उचलून ठेवा, आणि मग चार महिने तिच्याकडे जरा दुर्लक्ष करा. इथेच आपला हात शिवशिवतो. शेजारच्या कुंड्या हिरव्यागार, ही मात्र मरगळलेली. वाटतं, थोडं पाणी घालावं, चमचाभर खत द्यावं. ते टाळा.

कोकणातल्या, मुंबईतल्या, गोव्यातल्या श्रोत्यांनी काय करावं? त्यांना माझं सरळ सांगणं आहे. हे झाड पावसाळ्यातून पार नेण्याचा हट्ट धरू नका. पेट्युनिया, पॅन्सी आपण हंगामी म्हणूनच लावतो, पावसाळा आला की निरोप देतो. तसंच हेही नोव्हेंबर ते मार्च मजेत पाहा. आणि बारा महिने हात लावायला मऊ, जाड पान हवं असेल तर त्याचंच भावंड लावा, पानओवा. वीतभर काडी खोचली की रुजतो. त्यालाही पाणी साचलेलं आवडत नाही, पण निचरा चांगला असला तर तो आपला पावसाळा निभावतो. वर सर्दी झाली तर काढा आणि पाऊस पडला तर भजी, हा नफा वेगळाच. एक मात्र सांगून ठेवते. पूर्वी युरोपात कोकराच्या कानाची पानं जखमेवर बांधत, असं सांगितलं जातं. आपण त्या फंदात पडू नये. जखमेला स्वच्छ कापूस आणि डॉक्टर हेच बरे.

शेवटी एक विनंती. आपल्या बागांत ‘हात लावू नये’ अशी पाटी फार. फुलझाडांसाठी ती गरजेचीही असेल. पण घरात कुणाची नजर मंदावली असेल, एखादं लहान मूल असेल, तर चार कुंड्या तरी अशा ठेवा ज्यांना हात लावायला बंदी नाही. कठड्याच्या उंचीवर ठेवा, म्हणजे वाकावं लागणार नाही. काटेरी झाड, निवडुंग, चीक येणारी रुई त्या रांगेत नको, कारण तो चीक डोळ्यांत गेला तर अपाय होतो. तुळस, गवती चहा, पानओवा आणि जमलं तर थंडीपुरता का होईना, हा कोकराचा कान. लागणारं साहित्य थोडं आहे, खर्चही फार नाही. पाणी घालण्याआधी एकदा बोट लावून पाहायचं, एवढी सवय लावून घ्या, आणि ती सवय घरातल्या मोठ्यांना आणि लहानांनाही लावा.